गायरानावरची रेषा

त्या वर्षी मार्चमध्ये बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या. सासूबाईंचं ऑपरेशन होतं. सहा आठवड्यांत येतो म्हणाल्या. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या ओंगारमधल्या तीन बेडरूमच्या घरात मी एकटा उरलो. सुरुवातीला बरं वाटलं. मग लक्षात आलं की शुक्रवारी ऑफिसमधून निघताना "सी यू" म्हटलं की सोमवार सकाळपर्यंत मी कुणाशी समोरासमोर एक शब्दही बोलत नाही. व्हिडिओ कॉलवर मुलगी दिसायची, "आय'म ग्रँड, बाबा", म्हणजे मजेत आहे, एवढं म्हणायची आणि फोन आजीच्या हातात देऊन पळायची.

डब्लिनच्याच क्लोनडॉकिनमधली आमची छोटी कंपनी गाईंच्या गळ्यात बांधायचे पट्टे बनवते. पट्ट्यात जीपीएस असतं. मी नकाशावर रेषा काढतो. गाय रेषेजवळ गेली की पट्टा वाजतो, तरीही पुढे गेली तर हलका झटका बसतो. तारेशिवायचं कुंपण. त्या वसंतात आम्हाला पश्चिमेकडे, मेयोमधल्या एका डोंगराचं काम मिळालं. तिथली जमीन म्हणजे कॉमनेज, आपल्या गायरानासारखी. आठ घरांचा चराईचा हक्क होता, पण गुरं सोडणारा एकच म्हातारा राहिला होता. त्याच्या अकरा गाई.

त्याच माळावर कर्ल्यू नावाचा लांब, वाकड्या चोचीचा पक्षी जमिनीवर अंडी घालतो. गुरं नसली तर गवत माजतं आणि पक्षी उतरत नाही. गुरं असली तर अंडी तुडवली जातात. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी घरट्याभोवतीची जागा नकाशावर आखून दिली आणि मी ती गाईंसाठी बंद केली.

मेमध्ये आठवडाभर कडक ऊन पडलं. माझ्या स्क्रीनवर अकरा ठिपके रेषेला चिकटून उभे. एकही आत नाही! मी बॉसला बोलावून दाखवलं. तो खूश झाला.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा फोन आला. आधी कधी बोललो नव्हतो.

"रेषा काढणारा तूच का?"

"हो."

"मग तूच ये आणि गाईंना सांग, झऱ्यावर का जायचं नाही ते. कालपासून पाणी नाही त्यांना. मी बादल्या वाहतोय, पण माझा खुबा गेलाय."

झरा आमच्या नकाशावर नव्हताच. मी ताबडतोब अंदाजाने रेषा झऱ्यापर्यंत मागे घेतली, पण घरट्याला धक्का न लावता कायमची वाट नेमकी कुठून द्यायची हे इथून कळेना. शनिवारी पहाटे गाडी काढली.

म्हातारा सत्तरीच्या पुढचा, उंच, हातात काठी. चढताना दर शंभर पावलांवर थांबत होता. दम लागला म्हणून नाही, मला काहीतरी दाखवायला, असा त्याचा आव. सगळ्यात म्हातारी गाय, सात नंबरची, पट्टा वाजला की मान खाली घालून थरथरत होती. मी तिच्या डोळ्यांकडे फार वेळ बघू शकलो नाही. माझी रेषा त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसली.

आम्ही झऱ्याकडे जाणारी एक अरुंद वाट मोकळी ठेवली. तो काठीने जागा दाखवायचा, मी फोनवर बिंदू टाकायचो. काम झाल्यावर त्याने मला दुर्बीण दिली. गवतात पक्षी बसला होता, इतका गवताच्या रंगाचा की तो दाखवेपर्यंत दिसला नाही.

"लहानपणी यांच्या आवाजाने झोपमोड व्हायची," तो म्हणाला. "कधी कमी झाले, आमच्या लक्षातही आलं नाही."

घरी त्याने चहा केला. प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, दोन कप काढले. एकावर धूळ होती, ती त्याने बाहीने पुसली.

"घरी कोण असतं?" त्याने विचारलं.

"सध्या कोणी नाही. तुमच्या?"

"मी लग्न केलं नाही," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तो रोज सहाच्या सुमाराला फोन करायचा. "सात नंबर कुठे आहे?" मी स्क्रीन बघून सांगायचो. पुढे एकदा तो बोलून गेला की ती खिडकीतून दिसते त्याला. तरी दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं आणि मीही सांगितलं. जूनमध्ये कर्ल्यूच्या चार पिल्लांपैकी दोन जगल्याचं त्याने मला बाईंच्या आधी कळवलं. मी ती बातमी पुण्याला सांगितली. बायको म्हणाली, "अरे वा," आणि मुलीच्या शाळेच्या प्रवेशाचं बोलू लागली. पुण्यातल्या शाळेच्या.

ऑक्टोबरात पट्टे काढले. काम संपलं, फोन थांबले. मीही केला नाही. काय कारण सांगणार? नोव्हेंबरात शेवटी केलाच.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं.

"काही नाही. सहज केला."

तो मग म्हणाला, "गाई विकल्या. खुब्याचं ऑपरेशन आहे. आता मागे कोण बघणार?"

पुढच्या एप्रिलमध्ये मी गेलो. तो काठीवरून वॉकरवर आला होता, म्हणून डोंगरावर एकटाच चढलो. गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं. झऱ्यापाशी दोन तास बसलो. एक कर्ल्यू दोनदा ओरडत वरून गेला, खाली उतरला नाही.

त्याला तसंच सांगितलं. त्याने मान हलवली. मग कसं कोण जाणे, जे ऑफिसात, आईला, कोणालाच सांगितलं नव्हतं ते मी बोलून बसलो: की त्या दोघी आता परत येणार नाहीत, आणि यात भांडण असं काही झालेलंच नाही.

त्याने बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "आज राहा इथे. वरची खोली रिकामीच आहे."

"नको, उद्या काम आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यालाही ते माहीत होतं. तो वॉकर ढकलत फाटकापर्यंत आला, आणि मी गाडी डब्लिनकडे वळवली.