भोपळ्याचे डोळे

३१ ऑक्टोबर. कपाट आवरायला काढलं आणि डांबरगोळ्यांच्या वासात चौकटींचा तो जुना कागद हाती आला, पेन्सिलीच्या फुल्यांनी भरलेला. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत यवतमाळात आम्ही बायकांनी भरतकामाचा गट काढला होता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या भुतांच्या सणासाठी इंग्रजी मुळाक्षरांचा नमुना मागवला होता. पसंत पडला तर गटाला हिवाळाभर काम. आठवडाभर डोकं लढवून मी त्या कागदावर अक्षरागणिक वटवाघूळ, कवटी, चेटकीण बसवली. टपालात टाकायच्या आदल्या संध्याकाळी पाहते, तर 'पी'च्या भोपळ्याला डोळेही नाहीत नि दातही नाहीत; त्या सणाला तर भोपळ्याला डोळे-दात कोरून त्याचं भूत करतात. तो नमुना भरणारी माझी शेजारीण शांतपणे म्हणाली, "आखा भोपळा बाईनं चिरू नाही, वहिनी. लेकराच्या गळ्यावर सुरी ठेवल्यासारखं होते." "अहो, दोऱ्याचा आहे तो!" "दोऱ्याचा काय नं वेलावरचा काय. पहिला घाव माणसाचा, मंग आमचा बायकांचा." कवटी हसत हसत भरली हिनं, आणि अडली कुठे, तर भोपळ्यापाशी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज वाटतं, वाद घालण्यात संध्याकाळ उगाच घालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी दाढी झालेल्या तिच्या नवऱ्याला ओट्यावर बसवलं, हाती सुई दिली आणि पहिला टाका त्याच्याकडून घालून घेतला; बाकीचा भोपळा तिनं टपाल निघायच्या आत दातांसकट चिरून दिला.