वॅक्स पुसायचं राहिलं

रविवारी सकाळी पेंटर गाडी धुवायला बाहेर पडला, की घरच्यांनी शहाण्यासारखं आत बसायचं. आयुष्यभर त्याने गॅरेजात गाड्या रंगवल्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्याला पेंटरच म्हणत. दोन बादल्या: एक साबणाची, दुसरी फडकं खळबळायची. सुरुवात टपापासून, चाकं सगळ्यांत शेवटी. चाकाचं फडकं कुणी चुकून बोनेटला लावलं, तर त्याच्या तोंडून जे काही निघे ते शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणून बायको खिडकी लावून घेई.

या रविवारी स्वारी जास्तच खुशीत होती. मुलीची नोकरीची वेळ बदलली होती आणि उद्यापासून नातीला गाडीने शाळेत सोडायचं काम आजोबांकडे आलं होतं. मुलीचं विचारून पुरं व्हायच्या आत त्याने होकार दिला. बायको शेजारीच होती. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण ती मूग गिळून गप्प बसली.

अलीकडे गाडीत बसलं की पुढचं सगळं तीच मोठ्याने सांगायची. सिग्नल लाल झाला वाटतं, तो सायकलवाला बघा कसा मध्ये आला. तो "दिसतंय मला" म्हणून खेकसायचा, आणि मग ब्रेक दाबायचा. डॉक्टरचं नाव काढलं की चष्मा पुसायला घ्यायचा. असं दोघांचं निभत होतं. उद्या मात्र शेजारी ती नसणार आणि मागे पहिलीतली पोर असणार.

गाडी कोरडी झाल्यावर त्याने वॅक्सचा डबा उघडला. स्पंजने गोल गोल पातळ थर द्यायचा, तो वाळून पांढुरका झाला की कोरड्या फडक्याने पुसून काढायचा, मगच पुढचा पत्रा. मध्येच शेजारचे गृहस्थ गप्पा मारायला थांबले, त्यात थोडा वेळ गेला. ते गेल्यावर त्याने डिकी आणि दुसरी बाजू उरकली आणि बायकोला हाक मारली.

"बघ. तोंड दिसेल यात."

गाडी गडद निळी. बोनेट खरोखरच लखलखत होतं. डावीकडची दोन्ही दारं मात्र पांढुरकी होती. वॅक्स लावलेलं, वाळलेलं आणि तसंच राहिलेलं. एके काळी दोन निळ्या रंगांतला फरक त्याला रस्त्याच्या पलीकडून कळायचा. तोच माणूस आता त्या दारांसमोर कमरेवर हात ठेवून ऐटीत उभा होता.

तिने पटकन फडकं उचललं. तो हातपाय धुवायला आत गेला असता, तर गुपचूप पुसून टाकता आलं असतं. इतके दिवस तिने दुसरं केलं तरी काय होतं? मग तिला स्वतःचाच राग आला. तिने त्याचा हात धरून दारावर ठेवला.

"जरा फिरवून बघा."

त्याने तळवा फिरवला आणि तो थांबला. बोटांना पांढरी भुकटी लागली होती. ती डोळ्यांजवळ नेऊन त्याने पाहिली.

"पुसायचं राहिलं," तो म्हणाला.

"दोन्ही दारांचं. तुम्हाला दिसलं नाही."

आता तो खेकसणार, अशी तिची खात्री होती. पण त्याने फडकं मागून घेतलं आणि दारं पुसायला लागला. कुठे राहिलंय ते ती सांगत गेली, तो मुकाट्याने तिथे फडकं नेत गेला. तिला त्याची फार दया आली, पण तिने सांगायचं थांबवलं नाही.

हात धुऊन त्याने मुलीला फोन लावला. उद्यापासून नातीला चालतच नेतो म्हणाला, शाळा काही लांब नाही. आत्ताच वॅक्स केलेली गाडी धुळीत कशाला काढायची? पलीकडे मुलगी खो खो हसायला लागली. बाबांचं हे गाडीचं वेड घरात नेहमीच थट्टेचा विषय होतं. त्याने तिला हसू दिलं.

फोन ठेवून त्याने किल्ली बायकोच्या हातात दिली.

"डॉक्टरकडे बसने जाऊ," तो म्हणाला.