टाळ खाली ठेवायचे नसतात

परवा दुपारी तीन वाजता मी डिचोलीत, आमच्या वाड्यावरच्या देवळात सप्ताहाला बसले होते. हातात टाळ आणि पर्समध्ये राजीनामा... म्हणजे फोनमध्ये. मेल लिहून तयार होता, फक्त सेंड दाबायचं बाकी होतं.

चौदा वर्षं मी इथल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. यंदा मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली आणि माझ्याहून पाच वर्षं ज्युनिअर बाईंना मिळाली. मला कुणी साधं बोलावून सांगितलंही नाही, नोटीस बोर्डावर वाचलं. डोकं असं फिरलं की विचारू नका.

मग अकरा दिवस मी काय केलं, तर शब्द शोधले. मराठी शिकवणारी ना, खोड जात नाही. 'राजीनामा' लिहिलं तर वाटलं, राजीखुशीचा यात संबंधच काय, मी तर भडकलेय. 'त्यागपत्र' लिहिलं तर मीच कुणी संत झाल्यासारखं वाटलं. 'कार्यमुक्त करावे' म्हणजे तुरुंगातून सोडा अशी विनवणी. 'पदभार सोडत आहे' म्हणावं तर पद कुठलं, तेच तर दिलं नाही...

शेवटी वैतागून 'राजीनामा'च ठेवला. त्याच्या आधी 'तत्काळ' घातलं. तो शब्द मात्र मला फार आवडला.

पाच वाजता व्यवस्थापनाची मीटिंग होती, त्याआधी मेल पोचायला हवा होता. भर मीटिंगमध्ये त्यांना घाम फुटावा, चौथीचा वर्ग ऐन श्रावणात वाऱ्यावर पडलाय हे कळावं... हो, एवढी खुनशी झाले होते मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सप्ताहात भजन अखंड चालतं आणि प्रत्येक घराला वेळ वाटून दिलेली असते, तिला आम्ही पार म्हणतो. आमच्या घरचा पार दुपारी एक ते तीन. बाबा तो चाळीस वर्षं सांभाळतायत, पण यंदा खांदा दुखतोय म्हणून अर्धा वेळ मी बसले.

तीन वाजले, पुढच्या पाराचा माणूस येईना. सव्वातीन... साडेतीन... माझी नुसती चुळबूळ. शेवटी टाळ चटईवर ठेवले आणि पर्समध्ये हात घातला.

पेटीवरच्या काकांनी मान वर केली. बाबा भिंतीला टेकून बसले होते, तिथूनच म्हणाले, "सकयल दवरूं नाका, बाय." खाली ठेवू नको. टाळ द्यायचे ते पुढच्याच्या हातात, मधे जमिनीला टेकवायचे नाहीत. लहानपणापासून मला हे माहीत आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं, गुपचूप उचलले.

एवढ्यात सुरेशभाऊ धापा टाकत आले. दोडामार्गकडचे, टिपर चालवतात, आमच्या वाड्यावर भाड्याने राहतात. यंदा पहिल्यांदाच त्यांना पार मिळाला होता. टाळ हातात घेतले आणि बाबांना हळूच म्हणाले, "काका, माका जमतला मां?"

"जमतलें. हांव आसां," बाबा म्हणाले. जमेल, मी आहे. आणि भिंत सोडून त्यांच्या शेजारी येऊन बसले की! सुरेशभाऊंचा ठेका चुकला की बाबा स्वतःच्या मांडीवर थाप देऊन दाखवायचे. पुन्हा चुकला, पुन्हा थाप.

मी स्कूटरची चावी हातात घेऊन उभी, बाबांना घरी सोडून मग मेल धाडायचा होता. चार वाजून गेले. शेवटी वाकून म्हटलं, बाबा, आपला पार संपला, चला.

त्यांनी वरही पाहिलं नाही. "पार सोंपलो. भजन खंय सोंपलां?" भजन कुठे संपलंय?

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. जोडाक्षर आलं की माझ्या वर्गातली सान्वी माझ्या पदराचं टोक धरते. सोमवारी ती कुणाचा पदर धरणार होती? नोटीस लावणाऱ्यांचं यात काय जाणार होतं... मला माझीच लाज वाटली.

मेल उघडला. राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. शाळा मी सोडणारच आहे. पण 'तत्काळ' खोडलं आणि लिहिलं, सत्र संपेपर्यंत मी आहे, आणि माझ्या जागी ज्या बाई येतील त्यांच्याबरोबर पंधरा दिवस वर्गात बसेन. पाचला दहा कमी असताना सेंड दाबलं. विषयाच्या जागी कुठला शब्द घालावा ते काही सुचलं नाही, ती ओळ कोरीच गेली.

थोड्या वेळाने बाबा बाहेर आले, मांडी घालून पाय अवघडल्यामुळे लंगडत. आत सुरेशभाऊंचे टाळ आता ठेक्यात वाजत होते. स्कूटरवर मागे बसून बाबा घरापर्यंत माझ्या खांद्यावर बोटांनी तोच ठेका धरत होते, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा मला कुठे पोचायची घाई नव्हती.

थँक्यू, बाबा. तुम्ही फेसबुकवर नाही, म्हणून इथे लिहायचं धाडस केलं. तोंडावर म्हटलं असतं तर म्हणाला असतात, जेवलीस काय?