नानांचं घड्याळ एक तास मागे

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावात केळी उत्पादकांच्या एका सोसायटीत संगणक सांभाळायचो. युनिक्सवर चालणारं एक यंत्र आणि त्याला जोडलेली दोन टर्मिनलं, म्हणजे दोन खिडक्यांवरचे पडदे आणि कळफलक, एवढाच पसारा. पण माझा रुबाब असा, की सोसायटी माझ्याच जिवावर चालते. शेतकरी केळीच्या वॅगनसाठी नाव नोंदवायला यायचे. खिडकीवर वेळ छापलेली पावती मिळायची आणि त्या वेळेच्या क्रमाने वॅगनी वाटल्या जायच्या. डाव्या खिडकीत नाना बसायचे, भडगावकडचे, निवृत्तीला आलेले.

पहिल्या हंगामात वॅगनी भरपूर होत्या, पावतीवरची वेळ कुणी वाचलीही नाही. दुसऱ्या हंगामात वॅगनींचा तुटवडा पडला आणि बोंब उठली. उजव्या खिडकीत साडेदहाला उभा राहिलेला माणूस यादीत मागे, आणि नानांकडे अकराला आलेला पुढे. नाना आपल्या गाववाल्यांना पुढचा नंबर देतात, अशी कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी, म्हणजे आम्ही ज्यांना आबा म्हणायचो त्यांनी, चार वाजता कमिटी बोलावली. नानांना जाब द्यायचा होता.

जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांच्या नजरा चुकवत, नाना माझ्याजवळ आले. "भाऊ, बठ्ठा लोके मनाकडे दखतस. मी काय खोटं करं?"

मी पावत्या पाहिल्या. नानांच्या प्रत्येक पावतीवर वेळ बरोबर एक तास मागे होती. दोन्ही टर्मिनलं एकाच यंत्राला जोडलेली, घड्याळ एकच, मग नानांनाच वेगळी वेळ का? त्यांच्या नावाने लॉगिन करून मी शेलकडे सगळ्या व्हेरिएबल्सची, म्हणजे त्याने लक्षात ठेवलेल्या नोंदींची, यादी मागितली. शेल म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातला दुभाष्या. लॉगिन केलं की तो दोनचार फायली एकामागोमाग वाचतो आणि त्यांतली माहिती लक्षात ठेवतो. प्रोग्राम कुठे ठेवलेत, टर्मिनल कसलं, घड्याळ कुठल्या देशाचं. ग्रीनिचपासून आपण साडेपाच तास पुढे, पण नानांच्या यादीत लिहिलं होतं साडेचार. हे त्यांच्या माथी कोण मारतंय, ते चारच्या आत शोधायचं होतं.

आधी सगळ्यांसाठी वाचली जाणारी फाईल उघडली. तिथे साडेपाच. मग नानांची स्वतःची फाईल. तिच्यात घड्याळाचा उल्लेखच नाही. मी चिडलो. नानांवर नाही, त्या यंत्रावरही नाही, नुसताच चिडलो. चहा आला, तो निवला. शेवटी नानांच्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीखाली "आता घड्याळ किती?" असं छापायला सांगितलं आणि पुन्हा पुन्हा लॉगिन करत बसलो. पासवर्ड दरवेळी नानाच टाकायचे, एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत. मला त्यांचा हात धरून भराभर दाबावंसं वाटत होतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते.

शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत साडेपाच. शेवटच्या ओळीनंतर साडेचार. ती शेवटची ओळ दुसरीच एक छोटी फाईल वाचायला सांगत होती. ती फाईल मी उघडली. आत दोनच ओळी. एक घड्याळाची, आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरांत टीप: 'शुभ मुहूर्त. उद्या काढणे.'

ती मीच लिहिली होती.

संगणकाच्या उद्घाटनाचा दिवस झर्रकन आठवला. पाहुणे तासभर उशिरा आले, गुरुजींनी काढलेला मुहूर्त टळला. आबा म्हणाले, पहिल्या पावतीवर मुहूर्ताचीच वेळ पाहिजे. पहिली पावती सर्वात ज्येष्ठ म्हणून नाना काढणार होते. सगळ्या यंत्राचं घड्याळ मागे घेण्यापेक्षा मी फक्त नानांपुरतं मागे घेतलं, आणि स्वतःच्या हुशारीवर दिवसभर खूश होतो. दुसऱ्या दिवशी मला दुसरं यंत्र बसवायला धुळ्याला पाठवलं. ते 'उद्या' मी साफ विसरलो.

"सापडनं का भाऊ?" नानांनी मान पुढे करून विचारलं. पडद्यावरची अक्षरं त्यांनी सावकाश, ओठ हलवत वाचली.

चार वाजता कमिटीसमोर उभा राहिलो. आबांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "मशीनची चूक होती. दुरुस्त केली." सगळ्यांना ते लगेच पटलं. आबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मुहूर्त आठवला असावा. मग म्हणाले, "तरी नानांनी लक्ष ठेवायला पाहिजे होतं." निवृत्तीपर्यंत उरलेल्या चार महिन्यांसाठी नानांना खिडकीवरून उठवून जावकच्या टेबलावर बसवलं. मी तोंड उघडलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय.

बाहेर पडताना नाना जिन्यात थांबले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी टोपी नीट केली आणि हळूच विचारलं, "ते आते तरी काढी टाकं ना, भाऊ?"

मी होकारार्थी मान हलवली. पण गडबडीत मी ते अजून काढलेलं नव्हतं.