अक्का जळगावला ऑपरेशनला आली

आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्यासाठी मुंबई गाठतात. परदेशातून कोणी ऑपरेशनसाठी जळगावला आलंय, हे मी तरी कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, इंग्लंडहून फोन आला तेव्हा मला ते पटेना. तिच्या खुब्याचा सांधा पार झिजला होता. तिथल्या सरकारी दवाखान्यानं चौदा महिने थांबा म्हणून सांगितलं होतं आणि खाजगीत करायची, ती ज्याच्याकडे राहते त्या मुलाची ऐपत नव्हती. जळगावात आठवड्याभरात होतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. बायकोनं लगेच खालची खोली आवरायला घेतली. मी मात्र विचारात पडलो.

त्याला कारण होतं. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात गेली. बरीच वर्षं न आलेली बहीण माहेरी उगवली की मागोमाग हिश्श्याचा अर्ज येतो, हे मी टेबलाच्या अलीकडून किती वेळा पाहिलं होतं. आणि वडील गेल्यानंतरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मीही अक्काची सही घेतली होती. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, आमरस-पुरणपोळी खातात. त्या आलेल्याच असतात म्हणून भाऊ त्यांना कचेरीतही नेऊन आणतात. मी सणाच्या दुसऱ्या दिवशी तिला धुळ्याला नेलं, हक्कसोडपत्र पुढे ठेवलं आणि बोटानं जागा दाखवली. तिनं न वाचता सही केली. धुळ्याजवळचं आमचं वावर माझ्या एकट्याच्या नावावर झालं.

अक्का आली ती काठी टेकत. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या तीन पायऱ्या चढायला तिला पाच मिनिटं लागली. तरी चौथ्या दिवशी म्हणाली, "भाऊ, माले वावर देखनं शे."

झालं! गाडी करून नेलं. रस्ताभर खड्डा आला की ती ओठ दाबायची, आणि मी विचार करायचो की एवढ्या कळा सोसून माणूस उगाच कशाला जाईल? वावराच्या बांधावर उभी राहून विहिरीकडे बघत तिनं विचारलं, "हिरले पानी शे का?" मग मोबाइलवर चार फोटो काढले. विहीर, झाडं, बांध. मोजणीवालेही याच क्रमानं जातात.

तिच्याजवळ एक निळी फाईल होती, ती उशाशी घेऊन झोपायची. एकदा ती अंघोळीला गेली असताना मी फाईल उघडली. आत नुसते एक्स-रे आणि दवाखान्याची पत्रं होती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी म्हटलं, खरे कागद वकिलाकडे दिले असतील. बायकोनं मला फाईल हातात घेतलेलं पाहिलं आणि ती पुन्हा उशाशी ठेवून दिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात संमतीचा कागद आला. चार पानं. सही कुठे करायची ते नर्सनं बोटानं दाखवलं. अक्कानं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. नर्स ताटकळली. दोन ठिकाणी अक्कानं अर्थ विचारला, मग सही केली. खाली जवळच्या नातेवाईकाची सही हवी होती. मी पेन काढलं. अक्कानं कागद माझ्या बायकोकडे दिला.

"सख्खे भाऊ आहेत ना हे?" नर्सनं विचारलं.

"आहेत," अक्का म्हणाली. "पण सही ही करेल. ही वाचून करेल."

नर्स गेल्यावर मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, "अक्का, तू वावरासाठी आलीस का?"

 ती रागावली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. "मी पायसाठे उनी, भाऊ," ती म्हणाली. "वावर तुनंच शे. पन तू माले इचारं नही, सही करी लिधी."

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. तीन तास झाले, कोणी बाहेर येईना. या वयात भूल मानवते का, हे मी बायकोला चारदा विचारलं. शेवटी वैतागून ती खाली चहा आणायला गेली, आणि नेमकी तेव्हाच नर्स बाहेर आली. मी धडपडत उठलो. "कशी आहे माझी बहीण?"

नर्सनं हातातल्या कागदावर पाहिलं. "सही केलेल्या बाईंना बोलवा. पेशंटनं त्यांनाच सांगायला सांगितलंय."

मी जिना उतरत खाली धावलो. बायको हातातले कप तिथेच ठेवून वर गेली आणि मी तिच्या मागे. ती आत जाऊन आली, म्हणाली, "छान झालं. अक्का शुद्धीवर आहेत." मग म्हणाली, "तुम्ही उद्या भेटा."