माझ्या पोरीचं भेव

सन शहाऐंशी. माझी उमर चाळीस. गुरुजीनं मले धानाच्या गिरणीतून बोलावून घेतलं आन् वर्गाच्या दाराशी उभं केलं. अंगावर कोंडा तसाच. आत माझी आठ वर्षांची पोरगी, सुमन, साऱ्या वर्गासमोर गोणपाटानं फरशी पुसून राह्यली होती. वाचायची पाळी आली तवा उभी झाली, कापली, उभ्या उभ्या मुतली होती. पोरं हासत होती.

"पाह्य तुझी राजकन्या," गुरुजी म्हणाला.

मी सांगितलं, पोरगी आजारी आहे. सकाळ झाली का कापते. जेवत नाई, खेळत नाई. आमच्या जंगलभागात कोणी कापलं का हिवतापच समजतात. मीही तेच समजलो. कडू गोळ्या चारल्या. मलेरियावाल्यानं बोटातलं रक्त नेलं, त्यात काही निघालं नाई. मग डॉक्टर बोलला, हे मनाचं आहे, तिच्यात भेव बसलं.

गुरुजीले हासू आलं. "मनाचे आजार मोठ्या घरच्या लेकरांले होतेत बे. तुमच्या लेकरांले कायचं मन? भूक लागते, बस."

पोती उचलणारा माणूस मी. पोरीच्या हातचं गोणपाट घेतलं, खाली बसलो, फरशी मी पुसली. तिनं बापाले तसं पाह्यलं.

रस्त्यानं तिनं विचारलं, "बाबा, मी मेली तर शाळेत जा लागन नाई ना?"

घरी नाई गेलो. तिले उचलून सरळ विहारात नेलं.

वंदना होऊन गेली होती. सखूबाई एकटीच झाडून राह्यली होती. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने विहारात मुक्कामी राह्यलेल्या भंतेजींनी या म्हातारीले श्वास पाहायचं शिकवलं होतं. तिनं झाडू ठेवला, पोरीले जवळ बसवलं. काय झालं ते विचारलंही नाई.

"नाकापाशी श्वास येते, जाते. त्याले नुसतं पाह्य माय. वढू नको. भेव आलं तर त्यालेही पाह्य. हाकलू नको."

मीही डोळे मिटून बसलो. मले श्वास कुठला दिसते, गुरुजीच दिसे. पोरीचं कापणं थांबलं नाई. खोटं काऊन सांगू? पण लय वेळानं ती हळूच बोलली.

"बाबा, भेव आहे. मी त्याले पाहून राह्यली."

मन नाई म्हणे आमच्या लेकरांले. मग पाहून कोण राह्यलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत गेलो नाई. वंदनेचा पांढरा सदरा घातला, पोरीचा हात धरला, वर्गात जाऊन तिच्या बाजूले तरटपट्टीवर बसलो. ती कापतच होती.

"बाहेर हो बे," गुरुजी म्हणाला.

मी म्हटलं, "पोरगी श्वास पाहून राह्यली. तिचं होऊ द्या, मग ती वाचन. आज नाई वाचली तर उद्याही मी इथीच बसन."

मी डोळे मिटले. उठलो नाई.