चार नंबरच्या हेडमागची जागा

धसईतल्या सासऱ्यांच्या जुन्या भातगिरणीत आमचा टी-शर्ट छापायचा धंदा आहे. मशीन ऑटोमॅटिक, गोल, सहा रंगांचं. मधे टी-शर्ट फिरतात आणि कडेने सहा हेड बाहेर आलेले असतात. प्रत्येक हेडमध्ये एकेका रंगाची जाळीची चौकट, म्हणजे स्क्रीन, बसवावी लागते. मशीन आणायच्या आधी नवऱ्याने टेप घेऊन जागा मोजली, पण कोपऱ्यातला भात भरडायचा हलर धरलाच नाही. त्याला वाटलं, बाबा तो काढतील. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला, "हलरला हात नाय लावायचा."

हलर बंद पडून वर्षं झाली होती. गाव नव्या गिरणीत भात नेत होतं. तरी बाबा दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालायचे, आणि आल्यागेल्याला सांगायचे की हे घर याच्यावर उभं राहिलं. माझं मात्र डोकं फिरायचं. चार नंबरचं हेड नेमकं हलरच्या तोंडाशी आलेलं. त्या फटीत जायचं कोणी? नवरा चांगला गरगरीत, म्हणून मीच. लाल बटण दाबून मशीन थांबवायचं, स्क्रीन उभी धरायची, पोट आत ओढून आडवं सरकायचं, मागे पोचलं की स्क्रीन आडवी करून हेडमध्ये ढकलायची आणि क्लॅम्प आवळायचा. तो क्लॅम्प पुढून आवळता येत नाही, नाहीतर कशाला मरायला गेले असते!

त्या वर्षी मला दिवस गेले होते. आधीच्या खेपेला आम्ही लवकरच सगळ्यांना सांगून मोकळे झालो, आणि ते राहिलं नाही तेव्हा समजूत काढायला बायांची रीघ लागली. मूल गेल्याचं दुःख होतंच, पण त्या चुकचुकण्याने मी पार खचले. म्हणून या वेळी नवरा आणि मी सोडून तिसऱ्याला कळू द्यायचं नाही, असं ठरवलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात ओळखणारं कोणी नाही, असा माझा समज होता. चौथा महिना सरेपर्यंत मी फटीत जात राहिले.

मग एका दुपारी चार नंबरची जाळी फाटली. क्रिकेटच्या टुर्नामेंटचे टी-शर्ट संध्याकाळी द्यायचे होते, आणि नवरा शाई आणायला मुरबाडला गेलेला. दुसरी स्क्रीन घेऊन मी शिरले आणि अर्ध्यावर अडकले. पोट हेडच्या लोखंडाला टेकलं. इतकी घाबरले की श्वास सोडवेना. तशीच इंच इंच मागे सरकले. बाबा दारातल्या खुर्चीवरून बघत होते.

"काय झालं गो?"

"काय नाय बाबा. ॲसिडिटी."

"बाहेर ये. मी जातो."

अंगाने काटकुळे, आरामात गेले. मी पुढून सांगत होते, ते बसवत होते. चौकट तिरकी गेली तशी मी खेकसले, "अहो बाबा, सरळ!" त्यांनी मुकाट्याने सरळ केली, क्लॅम्प आवळला. बाहेर आले तेव्हा बंडीभर निळी शाई. हात पुसता पुसता त्यांनी हळूच विचारलं, "कितवा?"

"पाचवा लागला." मला रडूच फुटलं. "कुनाला सांगू नका, बाबा."

"नाय सांगत."

दोन दिवसांनी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा. बाबा स्वतः पाना घेऊन हलरचे बोल्ट सोडवत होते. बघता बघता आळी जमली. बाबांचा जन्माचा दोस्त सगळ्यांसमोर म्हणाला, "याच्यावर जगलास, न् आता भंगारात घालतोस? पैशाला भुललास काय रे?"

लोक हसले. मी दारातच उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हो रे, भाव बरा आला," ते म्हणाले, आणि पुढचा बोल्ट सोडवायला खाली बसले.